सोळा आठवड्यांची मुदत

डॉक्टर साळसकर म्हणाल्या, सोळा आठवड्यांच्या आत
जे भेटेल ते तिचं.
नंतर येईल ते परकं, त्याच्यावर जन्मभर भुंकणार.
तेव्हा दाखवा. दाढीवाले, छत्रीवाले, काठी टेकत चालणारे,
रडणारी मुलं, कुकरची शिट्टी.
फक्त इंजेक्शनं पुरी होईतो जमिनीवर सोडू नका.

म्हणून भाजीच्या पिशवीत सुपारी,
पिशवी माझ्या खांद्याला,
बाहेर एक नाक आणि दीड कान.
अशी आमची वरात, रोज साडेपाचला, कन्नमवार नगरात.

एकतीस वर्षं मी टेलिफोन खात्यात.
रत्नागिरी द्या, सोलापूर द्या, अर्जंट द्या,
साऱ्या मुलखाला बोलतं केलं या हातांनी.
आणि आमच्याच इमारतीत कोण कोण राहतं
ते मला लिफ्टमधल्या चपलांवरून माहीत.
मान वर करायची वेळच आली नाही कधी.

पिशवी हलताना दिसली की लोक थांबतात.

हेल्मेटवाल्याला बघून ती थरथरली.
पार्सल देऊन निघालेला, घाईत.
तरी थांबला. हेल्मेट काढलं.
आतून निघालं मिसरूड न फुटलेलं पोर, घामानं केस चिकटलेले.
"बघ," म्हणाला, "मीच आहे."
परत घातलं, परत काढलं. तीनदा.
चौथ्यांदा तिनं त्याचा अंगठा चाटला.
खिशात त्याचा मोबाईल कोकलत होता.

गोदू मासेवालीनं पाटीतला ओला हात पुढे केला,
सावकाश वास घेऊ दिला,
आणि मला म्हणाली, "तुला पण नऊ वर्षांत पहिल्यांदा धड बघते."

समोरची जुनी इमारत पाडतायत.
पहिल्या दणक्याला ती पिशवीच्या तळाशी, कोथिंबिरीच्या काड्यांत.
आपण घाबरायचं नसतं म्हणे,
कुत्र्याला आपला हात कळतो.
हात स्थिर ठेवायला मला चार दिवस लागले.
त्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, मी लहानाची मोठी झाले,
पण हे सुपारीला सांगायचं कारण नव्हतं.
भिंत पडली की एक चुरमुरा,
एवढाच आमचा हिशोब.

रात्री वहीत खुणा करते.
छत्री, झाली. बँडवाले, झाले; दोघीही पळालो.
कचऱ्याची गाडी, अर्धी.
तिसऱ्या मजल्यावरचे तोडणकर
हे मी यादीत लिहिलंच नव्हतं.

माझ्या न्हाणीतलं पाणी त्यांच्या छतातून, बारा वर्षांपूर्वी.
नोटिसा, सोसायटीची सभा,
आणि एक फार वाईट शब्द.
त्यांचा की माझा, आता आठवत नाही.
खोटं. माझा.

काल पंधरावा आठवडा सरला.
सुपारी जिन्यावर, स्वतःच्या पायांनी,
एकेक पायरी विहिरीत उतरावी तशी.
तिसऱ्यावर दार उघडं,
ते उंबऱ्यात बसून चपला काढत होते.
ती सरळ त्यांच्या पायाशी.

ते वाकले. पाठीत काहीतरी वाजलं.
माझ्याकडे बघितलं नाही. तिला म्हणाले,
"तुझ्या बाईला सांग, गळती केव्हाच थांबलीय."

मीही तिलाच म्हटलं,
"त्यांना सांग, तो जो शब्द होता ना…"
पुढे आवाज लागेना.

लाईन लागली की ऑपरेटरनं कान काढून घ्यायचा,
हा आमच्या खात्याचा नियम.
सुपारीनं तो पाळला.
आम्हा दोघांकडे पाठ केली
आणि तोडणकरांची डावी चप्पल तोंडात धरून
जिना उतरून पळाली.